स्वातंत्र्य हवं की नको? मॉरिशसने मत देऊन ठरवलं

७ ऑगस्ट १९६७ रोजी मॉरिशसमध्ये निवडणूक झाली. दहातल्या जवळपास नऊ मतदारांनी मत दिलं. एका बाजूला स्वातंत्र्य मागणारी आघाडी होती आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनशी नातं टिकवू पाहणारा पक्ष. निकाल लागला तेव्हा स्वातंत्र्यवाल्यांना सुमारे ५५ टक्के मतं मिळाली होती आणि विरोधकांना जवळपास ४४. म्हणजे गुलामीतून बाहेर पडायचं का, या प्रश्नावर दर शंभर माणसांतली चव्वेचाळीस ‘नको’ म्हणाली.

आपल्याला हे विचित्र वाटतं. स्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तुरुंग, सत्याग्रह, ‘चले जाव’ असं सगळं येतं, एका बाजूला गोरं सरकार आणि दुसऱ्या बाजूला जनता. मॉरिशसमध्ये मामला तसा नव्हता. इंग्रज जायला तयारच होते. खरा वाद बेटावरच्या लोकांचा आपापसात होता: इंग्रज गेल्यावर राज्य कोणाचं येणार आणि त्यात आपलं काय होणार? तो वाद समजला की मॉरिशसच्या स्वातंत्र्यातल्या बाकीच्या गोष्टींचा उलगडा होतो. त्यातली एक गोष्ट अजून पुरती मिटलेली नाही.

आधी या बेटावरची माणसं आली कुठून ते पाहू. मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना बेट माहीत होतं, पण तिथे राहिलं कोणी नाही. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाचं नाव ठेवलं, जावाहून ऊस आणून लावला, डोडो पक्ष्याचा निकाल लावला आणि १७१० मध्ये गाशा गुंडाळून निघून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी पोर्ट लुई हे बंदर उभारलं आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून मळे चालवले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या अटींत एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: फ्रेंच रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज तसेच राहतील. त्यामुळे झेंडा इंग्रजांचा आला तरी जमीन, साखर कारखाने आणि वर्तमानपत्रं फ्रेंच वंशाच्या मूठभर कुटुंबांकडेच राहिली. आजही मॉरिशसच्या संसदेचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, पेपर फ्रेंचमध्ये निघतात आणि घरात, बाजारात लोक क्रेओल ही फ्रेंचवर आधारलेली भाषा बोलतात.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. साठ हजारांहून जास्त माणसं मोकळी झाली. नुकसानभरपाई मात्र मिळाली मालकांना, सुमारे २० लाख पौंड. ज्यांच्या आयुष्याचं नुकसान झालं त्यांना एक छदामही नाही. मोकळ्या झालेल्या बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. त्याच काळात ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचं जादा आयातशुल्क काढलं होतं, त्यामुळे उसाला सोन्याचे दिवस आले होते. मजूर हवे होते आणि ते भारतात मिळाले. गुलामगिरी संपण्याच्या बेतात असतानाच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारबद्ध मजूर म्हणून या बेटावर आले. ते जिथे उतरत तो धक्का आज आप्रवासी घाट म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

बहुतेक जण बिहार आणि संयुक्त प्रांतातले, भोजपुरी बोलणारे होते. मद्रास बंदरातून तमिळ आणि तेलुगू आले. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती. त्यांची संख्या फार नव्हती, पण मॉरिशसमधली मराठी वस्ती टिकली. तिथल्या शाळांत आज मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातल्या जाखडीचा ‘झाकरी’ नावाचा नाच तिथे अजून नाचला जातो. पुढे मतांच्या हिशेबात या छोट्या समाजाची मोजणी कशी झाली, ते येईलच.

१८७१ च्या सुमारास बेटावर दर तिघांतले दोघे भारतीय वंशाचे होते. मतदानाचा हक्क मात्र मालमत्ता आणि उत्पन्न असलेल्यांनाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी कडेची, हलकी जमीन तुकडे करून विकायला काढली. पैपै साठवलेल्या मजुरांनी ती घेतली. माझ्या मते मॉरिशसच्या स्वातंत्र्याची सुरुवात शोधायची तर ती एखाद्या सभेत सापडणार नाही, या खरेदीखतांत सापडेल. त्या जमिनीतून उभ्या राहिलेल्या घरांतली मुलं शाळेत गेली, काही लंडनला गेली आणि वकील-डॉक्टर होऊन परतली.

गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना बोट थांबली म्हणून काही आठवडे मॉरिशसमध्ये राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या, असं त्यांनी तिथल्या भारतीयांना सांगितलं. पुढे १९०७ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे गेले. ते मजुरांचे खटले चालवत आणि त्यांनी ‘हिंदुस्तानी’ नावाचं पत्र काढलं. पण संघटित राजकारण सुरू झालं ते १९३६ मध्ये, मजूर पक्षाच्या स्थापनेपासून. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचं चित्र वेगळं दिसतं: हा पक्ष सुरुवातीला ‘भारतीयांचा’ नव्हता. संस्थापक मोरिस क्यूरे हे क्रेओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या किंवा मिश्र वंशातले, डॉक्टर. पक्षाचे दुसरे नेते एमान्युएल आंक्तिल क्रेओल, तर पक्षातले सहकारी सहदेव पंडित भारतीय वंशाचे. ऊस तोडणारा आणि गोदीत पोती वाहणारा यांची एकजूट करायची, हा त्यामागचा विचार होता. १९३७ मध्ये उसाच्या भावावरून मळ्यांवर दंगे झाले, गोळीबार झाला. १९३८ मध्ये गोदी कामगारांचा संप झाला. १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल इथे संपकरी मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात अंजली कुपेन ही गरोदर मजूर बाई मारली गेली. तिच्या नावाचं स्टेडियम आज तिथे आहे.

नंतर १९४८ ची राज्यघटना आली आणि खरी उलथापालथ झाली. मतदानासाठी मालमत्तेची अट सैल होऊन साक्षरतेची अट आली, आणि ती फक्त इंग्रजी-फ्रेंचपुरती नव्हती. हिंदीसारख्या भाषेत साधं लिहितावाचता आलं तरी चालणार होतं. बासदेव बिसूनदयाळ यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक गावोगाव बैठकांमध्ये बसून प्रौढांना अक्षरं गिरवायला लावू लागले. मतदार सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या वर गेले. १९५९ मध्ये प्रत्येक प्रौढाला मत मिळालं.

आणि तिथून भीतीही वाढू लागली. आता संख्येला किंमत आली होती. लंडनमध्ये शिकून १९३५ ला परतलेले डॉ. शिवसागर रामगुलाम, एका बिहारी मजुराचे चिरंजीव, मजूर पक्षाचे नेते झाले आणि १९६१ मध्ये मुख्यमंत्री. स्वतः रामगुलाम मवाळ, समाजवादी वळणाचे, इंग्रजी रीतभात आवडणारे गृहस्थ. पण क्रेओल कारकून, पोलीस किंवा शिक्षकाला दिसत होतं की बहुसंख्य हिंदूंच्या मतांवर सरकार येणार आणि सरकारी नोकऱ्या त्यांच्याकडे जाणार. फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांना जमिनीची काळजी होती. मुसलमानांना वाटत होतं की आपण दोन्हीकडून चेपले जाऊ. चिनी दुकानदार गप्प होते, पण तेही निश्चिंत नव्हते. रॉड्रिग्ज या दूरच्या लहान बेटावरच्या क्रेओल लोकांना तर पोर्ट लुईच्या राज्यापेक्षा लंडनचं राज्य बरं वाटत होतं.

या भीतीला आवाज दिला गाएतां दुवाल यांनी. देखणे, तरुण क्रेओल बॅरिस्टर; सभा जिंकणारा माणूस. त्यांचा पक्ष, पीएमएसडी (पार्ती मोरिसिएं सोसियाल देमोक्रात), म्हणत होता: पूर्ण स्वातंत्र्य नको, ब्रिटनशी ‘असोसिएशन’ ठेवू. कारभार आपला, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटनचे, आणि साखरेला हमीभाव व बाजार कायम. याला मळेवाल्यांच्या पैशांचं पाठबळ होतं, हे खरं. पण केवळ मालकांचा डाव म्हणून तो झटकून टाकणं मला पटत नाही. देशाची जवळजवळ सगळी निर्यात एकट्या साखरेवर, बेकारी प्रचंड, लोकसंख्या झपाट्याने वाढणारी. जेम्स मीड या नामांकित अर्थतज्ज्ञाने १९६१ च्या अहवालात बेटाचं भवितव्य अंधारलेलं असल्याचं मांडलं होतं. अशा वेळी हमीभावाचा बाजार सोडू नये असं म्हणणारा माणूस देशद्रोही ठरत नाही.

१९६५ च्या मे महिन्यात हिंदू-क्रेओल दंगल झाली आणि लंडनला घाई झाली. सप्टेंबरमध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये घटना परिषद भरली. दुवाल यांच्या पक्षाची मागणी होती सार्वमताची. ब्रिटिशांनी ती मानली नाही, निवडणूकच घेऊ म्हणाले. अल्पसंख्याकांच्या भीतीवर मात्र एक तोडगा निघाला, जो जगात बहुधा फक्त मॉरिशसमध्येच आहे. त्याला तिथे ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात, म्हणजे हरलेल्यांतला सर्वांत वरचा.

ती चालते अशी. मॉरिशसमध्ये २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा; रॉड्रिग्जच्या दोन. एकूण ६२ आमदार थेट निवडून येतात. त्यानंतर निवडणूक आयोग लोकसंख्येच्या चार गटांकडे पाहतो: हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’, म्हणजे वरच्या तिन्हींत न बसणारे सगळे, मुख्यतः क्रेओल आणि गोरे. ज्या गटाला त्याच्या संख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील, त्या गटातल्या हरलेल्या पण चांगली मतं घेतलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात, मात्र निवडणुकीत पक्षांचं जे बलाबल ठरलं ते बिघडणार नाही अशा बेताने. आपल्याकडच्या राखीव मतदारसंघांसारखं हे नाही. मतदार सगळ्यांचे एकत्रच मत देतात, दुरुस्ती नंतर होते.

यात मराठी माणूस कुठे बसतो? ‘हिंदू’ गटात. गंमत अशी की मॉरिशसच्या रोजच्या बोलण्यात हिंदू म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे वेगळे समाज धरले जातात, आपापल्या संस्था आणि मंडळं सांभाळतात. घटनेने मात्र त्यांना एकाच पेटीत घातलं. आणि हिशेबाला आधार म्हणून अजूनही १९७२ ची जनगणना वापरावी लागते, कारण त्यानंतरच्या जनगणनेत हे गट विचारणंच बंद झालं.

आता त्याच परिषदेच्या दाराआड काय चाललं होतं ते पाहू. मॉरिशसपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, भारताच्या दक्षिणेला, चागोस नावाचा बेटांचा समूह आहे. ब्रिटिश काळभर तो मॉरिशसचाच भाग म्हणून चालवला जात होता. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. स्वतंत्र देशाकडून जागा भाड्याने घेतली तर उद्या तो ‘निघा’ म्हणेल. म्हणून ती बेटं स्वातंत्र्याआधीच मॉरिशसपासून तोडून ब्रिटनकडे ठेवायची, असं ठरलं.

२३ सप्टेंबर १९६५ रोजी सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन रामगुलामांना भेटले. या भेटीसाठी विल्सन यांच्या सचिवाने दिलेलं टिपण पुढे उजेडात आलं. त्यातला आशय असा: रामगुलामांना आशेने घाबरवायचं, स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपणा दाखवला नाही तर ते मिळणार नाही ही भीती. त्याच दुपारी रामगुलाम आणि सोबतच्या नेत्यांनी तत्त्वतः होकार दिला. बदल्यात ३० लाख पौंड आणि संरक्षणासाठी गरज उरली नाही की बेटं परत करू असं आश्वासन. दुसऱ्या दिवशी परिषद संपली आणि मॉरिशस स्वतंत्र होणार हे जाहीर झालं. दुवाल यांचे लोक परिषदेतून उठून गेले. पुढे त्यांचे मंत्रीही सरकारातून बाहेर पडले, पण त्यांची तक्रार बेटं का दिली ही नव्हती, इतकी स्वस्त का दिली ही होती. ८ नोव्हेंबर १९६५ ला ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत कागदावर तयार झाली. जुन्या वसाहती सोडत असताना ब्रिटनने ही एक नवी काढली. अमेरिकेने ब्रिटनला याचा मोबदला दिला तो ब्रिटन अमेरिकेकडून घेत असलेल्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट देऊन, आणि ती बराच काळ लपवली गेली.

रामगुलामांना दोष द्यावा का? मॉरिशसमध्ये यावर आजही वाद होतात. मला वाटतं, वसाहतीचा मुख्य ब्रिटिश पंतप्रधानासमोर बसून स्वातंत्र्य आणि भूभाग यांतलं एक निवडतो, तेव्हा त्याला खुली संमती म्हणणं कठीण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर १९६५ मध्येच ब्रिटनला बजावलं होतं की वसाहतीचे तुकडे करू नका. नियम साधा आहे: वसाहत स्वतंत्र होते तेव्हा ती अख्खी स्वतंत्र व्हायला हवी. जाणाऱ्या मालकाला आवडता कोपरा कापून ठेवता येत नाही.

निवडणुकीकडे परत येऊ. रामगुलामांच्या मजूर पक्षाने सुखदेव बिसूनदयाळ यांचा पक्ष आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिम पक्ष बरोबर घेतला. मुसलमानांची मतं दुवाल यांच्याकडे गेली असती तर निकाल कदाचित उलटा लागला असता, आणि मोहम्मद यांना आपली किंमत पुरती ठाऊक होती. ६२ पैकी ३९ जागा स्वातंत्र्य आघाडीला, २३ पीएमएसडीला. शहरांत दुवाल जिंकले, ऊसपट्ट्यात रामगुलाम. रॉड्रिग्जने तर जवळजवळ एकमताने स्वातंत्र्याविरुद्ध कौल दिला.

जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईत मुसलमान आणि क्रेओल टोळ्यांत दंगल पेटली. दोन डझनांहून जास्त माणसं मेली, मिश्र वस्तीतली कुटुंबं घरं सोडून आपापल्या लोकांच्या मोहल्ल्यात गेली, आणि सिंगापूरहून ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. योगायोग असा की त्याच महिन्यात विल्सन यांनी सुएझच्या पूर्वेकडून ब्रिटिश फौजा काढून घेण्याचं वेळापत्रक जाहीर केलं. समारंभाला येणारी ब्रिटिश राजकन्या अलेक्झांड्रा आली नाही.

१२ मार्च १९६८ ला शां द मार्स या घोडदौडीच्या मैदानावर युनियन जॅक उतरला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा चढला. ही तारीख दांडीयात्रेच्या सुरुवातीची म्हणून निवडली असं मानलं जातं. राज्यप्रमुख म्हणून राणीच राहिली. मॉरिशस प्रजासत्ताक झालं ते बरोबर २४ वर्षांनी, १२ मार्च १९९२ ला.

त्या सुमारास अनेक क्रेओल आणि गोरी कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून गेली. राहिलेल्यांनी मात्र भाकितं खोटी पाडली, आणि त्यात मोठा वाटा एका सरळ राजकीय तडजोडीचा होता. १९६९ मध्ये रामगुलामांनी दुवाल यांनाच सरकारात घेतलं आणि परराष्ट्रमंत्री केलं! ज्याने स्वातंत्र्याविरुद्ध ४४ टक्के मतं मिळवली, तोच माणूस स्वतंत्र देशाचा चेहरा बनून जगभर फिरला. किंमतही होती: निवडणुका १९७६ पर्यंत पुढे ढकलल्या, संप मोडले, आणीबाणी लावली. मळ्यांचं राष्ट्रीयीकरण झालं नाही. त्याऐवजी साखरेवर कर बसला, १९७० पासून निर्यातीसाठी कापड कारखाने आले, नंतर पर्यटन. आपल्याकडचे लोक मधुचंद्राला जातात ते मॉरिशस या निर्णयांतून घडलं.

चागोसचं मात्र तसं झालं नाही. तिथे दीड-दोन हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, गुलामांचे आणि मजुरांचे वंशज, खोबऱ्याच्या मळ्यांवर काम करणारी. लंडनच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘काही टारझन आणि मॅन फ्रायडे’ (रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला बेटावरचा नोकर) असा तुच्छतेने केलेला सापडतो. आधी औषधोपचारासाठी मॉरिशसला आलेल्यांना परतीची बोट नाकारली. मग मळे बंद केले. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं, पाळीव कुत्री मारून टाकली आणि १९७३ पर्यंत उरलेली बेटंही ओस पाडली. ही माणसं पोर्ट लुईच्या झोपड्यांत आली, आणि भरपाईचे पहिले पैसे त्यांच्या हातात पडायला वर्षं गेली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की १९६८ मध्ये मॉरिशसची वसाहतमुक्ती कायद्याने पूर्ण झालेलीच नव्हती आणि ब्रिटनने चागोस सोडावं. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं होतं, पण त्याचं वजन पडलं. २२ मे २०२५ रोजी दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनच्या ताब्यात, आणि त्याबद्दल सरासरी वर्षाला सुमारे १० कोटी पौंड भाडं. बाकीच्या बेटांवर वस्ती करायची मुभा या करारात आहे, दिएगो गार्सियावर नाही. चागोसच्या लोकांत यावर एकमत नाही. काहींना हा विजय वाटतो. काही म्हणतात की १९६५ मध्ये आम्हाला कोणी विचारलं नव्हतं आणि या वेळीही वाटाघाटी दोन सरकारांनीच केल्या.